शिवीच्या जागेवर टाळी

आमच्या दोघांच्या रॅपची सुरुवात एका चुकीने झाली. ती चूक इतकी वर्षं टिकली की पुढे लोक तिलाच आमची स्टाइल म्हणू लागले, आणि लोक म्हणतात म्हटल्यावर आम्हीही म्हणू लागलो.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ. अबू धाबीत हमदान स्ट्रीटच्या मागच्या एका इमारतीत आम्ही चौथ्या मजल्यावर राहायचो आणि तो, माझा रॅपमधला जोडीदार, सहाव्या. तो माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठा. शाळा एकच, बस एकच. त्याचे बाबा मुसफ्फात, शहराबाहेरच्या कारखान्यांच्या भागात, एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होते. माझे बाबा एसीत बसून फायली हलवायचे. आमच्या आया एकमेकींकडे वाट्या पाठवायच्या आणि वाटी रिकामी परत करायची नाही हा नियम दोघीही कसोशीने पाळायच्या, त्यामुळे ते वाट्यांचं चक्र कधी थांबलंच नाही. त्या वाट्या वर-खाली नेणारे आम्ही दोघे. दोस्ती झाली ती त्यातून. प्रेमबिम काही नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण मुलगा-मुलगी म्हटलं की वाचणाऱ्यांचे कान टवकारतात.

घरात मी भांडखोर होते. आईशी, धाकट्या बहिणीशी, टीव्हीशीसुद्धा भांडायचे. पण चार लोकांसमोर उभं केलं की माझी बोबडी वळायची. शाळेत एकदा वक्तृत्व स्पर्धेत पहिलं वाक्य बोलून मी तशीच खाली उतरले होते, आणि बाईंनी दिलेलं पाणी पिता पिता ठरवून टाकलं होतं की स्टेज हा प्रकार आपला नाही. पुढे मी स्टेजवर उभी राहिले ती फक्त तो शेजारी असायचा म्हणून. तो शेजारी असला की मला बोलता यायचं, नसला की नाही. यात काही खोल वगैरे नव्हतं, पण खरं होतं.

इमारतीच्या खालीच एका मल्याळी अंकलचं कॅसेटचं दुकान होतं. वरच्या रॅकवर हिंदी सिनेमे, मधे मल्याळम, त्याखाली अरबी, आणि अगदी तळाला, पायाशी, इंग्रजी. तिथून त्याने वाढदिवसाच्या पैशांतून एक कॅसेट आणली. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कुठल्याशा शहरातल्या दोन पोरांची. आमच्या आईने ती उलटसुलट करून पाहिली.

"पंधरा दिरहम? म्हणजे जवळजवळ दीडशे रुपये! कुठली रे ही गाणी?"

"साउथची, काकू."

"मग ती अंकलकडे फुकट वाजत असतात की दिवसभर," आई म्हणाली. तिच्या लेखी साउथ म्हणजे केरळ, आणि त्यावर वाद नव्हता.

ती दोन पोरं मात्र आम्हाला पहिल्या ऐकण्यातच लागली. न्यूयॉर्कच्या रॅपवाल्यांसारखी त्यांना घाई नव्हती. खाली बासचा जड, सुस्त ताल आणि त्यावर दोघांचं बोलणं. एक जण शब्द ओढत, लोळवत म्हणायचा, दुसरा अचानक भरधाव सुटायचा. "दे टेक देअर टाइम," तो मला म्हणाला, जणू काही ती पोरं त्याची चुलतभावंडं होती.

त्या कॅसेटमध्ये एक गंमत होती. चालता चालता शब्द मधेच नाहीसे व्हायचे. खालचा ताल चालूच, आणि वर काहीच नाही. मग एक-दोन मात्रांनी तो माणूस पुन्हा बोलायला लागायचा. कधी एका ओळीत दोनदा. तो म्हणाला, "श्वास घेत असतील." मी म्हटलं, "इतका श्वास? दमा आहे का त्यांना?"

खरं कारण साधं होतं. दुकानात यायच्या आधीच कुठेतरी त्या कॅसेटमधल्या शिव्या पुसलेल्या असायच्या. आम्हाला हे सुचायला काय हरकत होती? अंकलच्याच दुकानात विकायला ठेवलेल्या मासिकांतल्या बायकांच्या खांद्यांवर काळा मार्कर फिरवलेला आम्ही लहानपणापासून बघत होतो. पण मार्कर निदान दिसतो. पुसलेला आवाज कुठे दिसणार?

त्यात मी जास्तीचं डोकं चालवलं. शेजारच्या इमारतीत एक मराठी बाई हॉलमध्ये सतरंजी टाकून गाणं शिकवायच्या, तिथे मी जात होते. त्यांनी आम्हाला तालातली खाली शिकवली होती. बाकी विभागांच्या पहिल्या मात्रेवर टाळी द्यायची, पण एक जागा येते तिथे टाळी द्यायची नाही, हात बाजूला उलटा करायचा. "खाली म्हणजे काही नाही असं नाही," बाई म्हणायच्या, "ती नसेल तर सम कळणारच नाही." मी जिन्यात बसून त्याला हे सगळं हात उलटा करून समजावलं. म्हटलं, हे लोक पण तेच करतायत. यांची ही खाली आहे. त्याला ते इतकं पटलं की त्याने पूर्ण कॅसेट तशीच पाठ केली, सगळ्या रिकाम्या जागांसकट. मीही केली. मोकळ्या जागेत तो पायाने पायरीवर एक ठोका द्यायचा आणि मी हात उलटा करायचे. अमेरिकेच्या दक्षिणेतली शिवी आणि आमच्या बाईंचा त्रिताल असे त्या जिन्यात भेटले.

आमच्या सरावाची जागा तो जिनाच होता. लिफ्ट असल्यामुळे तिथे कुणी यायचं नाही, आणि आवाज असा घुमायचा की आपण फार मोठे कलाकार आहोत असं वाटायचं. सुरुवातीला आम्ही शुद्ध पोपटपंची केली. नाकातून, शब्द चघळत, अमेरिकन हेल काढून. मग त्या दोघांची दुसरी कॅसेट आली. तिच्यात ते एकदम बदलले होते. पहिल्या कॅसेटमध्ये सगळी ऐट होती. दुसऱ्यात ते आपल्या गावाबद्दल, घरच्यांबद्दल बोलत होते, आणि संगीत विचित्र, पाण्याखालून आल्यासारखं. आम्ही ती ऐकली आणि आमची पोपटपंची आम्हालाच खटकायला लागली.

"आपलं गाव कुठलं?" त्याने विचारलं.

 पासपोर्टवर त्याचं पुणं आणि माझी डोंबिवली. त्या दोन्ही गावांना आम्ही सुट्टीत जायचो, मावश्या-आत्यांना खाऊ वाटायचो आणि पोट बिघडवून परत यायचो. आणि ज्या शहरात आम्हाला झोपेतही रस्ते सापडले असते, तिथला आमचा मुक्काम बापाच्या व्हिसावर होता.

"हा जिना," मी म्हटलं. "आपलं गाव म्हणजे हा जिना."

"सिरीयसली?"

"मग दुसरं कुठलं आहे, सांग."

 त्या दिवसापासून आम्ही स्वतःचं लिहायला लागलो. त्याच्याकडे एक लहान कीबोर्ड होता, त्यातल्या तयार तालांपैकी एक तो अगदी शेवटच्या टोकापर्यंत संथ करायचा. मूळचा तो लग्नाच्या वरातीला शोभेल असा ताल होता. संथ केल्यावर तो जड व्हायचा, उन्हातून चालणाऱ्या माणसासारखा. त्यावर आम्ही लिफ्टबद्दल लिहिलं, ऑगस्टमधल्या शाळेच्या बसबद्दल लिहिलं, आयांच्या वाट्यांबद्दल लिहिलं. भाषेचं काही ठरवलं नव्हतं. आम्ही जसे बोलायचो तशीच ती आली: अर्धं इंग्रजी, मधे हिंदी, चिडलो की मराठी, आणि जागोजाग अरबी यल्ला, म्हणजे चला. आणि रिकाम्या जागा आल्याच. त्यांच्याशिवाय रॅप असतं हे आम्हाला माहीतच नव्हतं.

पहिला कार्यक्रम तिथल्या मराठी मंडळाचा. गणपतीनंतरचा सांस्कृतिक कार्यक्रम, दुबईत, ऊद मेथाच्या एका हॉलमध्ये. सेक्रेटरींनी आम्हाला आधी घरी बोलावून ऐकलं. ते मान खाली घालून, एकेका शब्दावर कान ठेवून बसले होते. शेवटी म्हणाले, "चाल काही कळली नाही, पण वावगं काही नाही. घ्या पाच मिनिटं. नाट्यगीतानंतर." आज आठवलं की हसू येतं. इतकं स्वच्छ रॅप त्या काळी जगात दुसरं कुठे नसेल.

स्टेजवर गेल्या गेल्या मी उतरायच्या पायऱ्या कुठे आहेत ते बघून घेतलं. त्याने माझ्याकडे न बघता हळूच म्हटलं, "जिना." मी सुरू केलं. पहिली मोकळी जागा आली, त्याने पाय आपटला, मी हात उलटा केला, आणि त्या सेकंदाला पहिल्या रांगेतल्या एका काकूंनी टाळी वाजवली. एकच, आरतीत देतात तशी खणखणीत. दुसऱ्या जागेला चार काकूंनी वाजवली. तिसऱ्याला अख्खा हॉल. मधे कुठेतरी बसलेल्या आमच्या गाण्याच्या बाई तेवढ्या कळवळल्या. नंतर मला गाठून म्हणाल्या, "अगं, खालीच्या जागेवर टाळी देतात का कधी!" पण मी काय करणार? लोकांना मोकळी जागा दिसली की टाळी सुचते, आणि मला ती टाळी इतकी आवडली की मी त्या हॉलमध्ये राहायलाही गेले असते.

मग आम्ही मंडळाचे झालो. दिवाळी, संक्रांत, पिकनिक. सगळीकडे पाच मिनिटं आमची. काकू आमच्या गाण्यांतल्या जागा पाठ करून यायच्या. आम्ही जागा बदलली तर रागवायच्या.

आमचं सगळ्यात चांगलं गाणं त्याने लिहिलं. त्या वर्षी पुण्याला त्याची आजी वारली. काकांचा, म्हणजे त्याच्या बाबांचा, पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होता आणि रजा मंजूर झाली नाही. मोठं काम चालू होतं, मॅनेजर "बाद में देखेंगे" म्हणाला. स्वतःची आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी काका नेहमीसारखे पहाटेच्या कंपनीच्या बसने मुसफ्फाला गेले. घरात सांगितलं गेलं, हे बाहेर बोलायचं नाही. आखातात वाढलेल्या मुलांना हे वाक्य कुणी समजावून सांगावं लागत नाही. कंपनीबद्दल बाहेर बोलायचं नाही. आमच्याकडे वाटी पोचवायला तो आला तेव्हा मी विचारलं, काका ठीक आहेत का? तो म्हणाला, "ते काहीच बोलत नाहीत. नथिंग."

त्यानंतर आठवड्याभरात त्याने जिन्यात मला हे ऐकवलं:

पाचला बस, यल्ला यल्ला, खिडकीची सीट,
डब्यात कालची भाजी, बाहेर कालचीच हीट,
मुसफ्फाच्या धुळीमध्ये पांढरा शर्ट लाल,
मॅनेजर विचारतो, क्या हाल? बाबा म्हणतात...

आणि तिथे लांब मोकळी जागा. आमच्या कुठल्याही गाण्यातली सगळ्यात लांब. मग: संध्याकाळी घरी येतात, बूट दाराबाहेर.

मी पायरीवर बसून रडले. तोवर आम्ही रिकाम्या जागा ऐटीसाठी ठेवायचो. ही पहिली जागा अशी होती की तिच्यात खरंच काहीतरी होतं. मंडळात ते गाणं झालं तेव्हा काका तिसऱ्या रांगेत होते. गाणं आपल्यावर आहे हे कळल्यावर त्यांचा चेहरा असा फुलला, आणि त्या लांब जागेला सगळ्यात मोठी टाळी त्यांचीच. मॅनेजरला आपण काय म्हणतो ते गाण्यात तिथे नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे. पोराने आपल्यावर गाणं लिहिलं, एवढ्यावरच ते खूश होते.

तो बारावीत गेला आणि घरात पुढच्या शिक्षणाची चर्चा सुरू झाली. अठरा पूर्ण झाली की मुलाला बापाच्या व्हिसावर राहता येत नाही; इथेच कॉलेजात असला तर गोष्ट वेगळी. इथलं कॉलेज महाग, म्हणून पुण्याला इंजिनिअरिंग. इमारतीतली सगळी मुलं एकेक करून अशीच गेली होती.  तो गेला की मी पुन्हा वक्तृत्व स्पर्धेतली मुलगी होणार होते.

आणि मग एका रेडिओ स्टेशनने तरुण कलाकारांची स्पर्धा जाहीर केली. अंतिम फेरी ऊद मेथातच, एका शाळेच्या सभागृहात. काका जेवता जेवता सहज म्हणाले, "पहिले आलात ना, तर इथल्या कॉलेजचं बघू. काहीतरी करू. इन्शाल्ला." काका शब्दाचे पक्के होते. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पहिले आलो तर तो राहणार होता.

स्पर्धेच्या थोडंच आधी माझा मावसभाऊ न्यू जर्सीहून भारतात जाताना दोन दिवस आमच्याकडे उतरला. त्याच्याकडे त्याच दोन पोरांची, त्याच पहिल्या कॅसेटची, तिकडे घेतलेली सीडी होती. आम्ही तिघे जिन्यात बसलो. एकेक इअरफोन आम्ही दोघांनी वाटून घेतला.

पहिलं गाणं सुरू झालं आणि पहिल्याच मोकळ्या जागेत शिवी आली. मग दुसरीत. मग लागोपाठ. आम्ही जिथे पाय आपटायचो तिथे शिवी, मी जिथे हात उलटा करायचे तिथे शिवी. मी हसायला लागले ते थांबेचना. काकू! त्या सगळ्या काकू! नऊवारी नेसून, नथ घालून, शिवीच्या जागेवर टाळी!

तो हसत नव्हता. त्याचे कान लाल झाले होते. मावसभावाने विचारलं, "यू गाइज डिडंट नो?" आणि त्याने इअरफोन काढून ठेवला.

त्यानंतर आमचं जे भांडण झालं तसं आयुष्यात माझं कुणाशी झालं नाही, आणि मी बऱ्याच लोकांशी भांडले आहे. मी म्हणत होते, शिव्या त्यांच्या, खाली आपली. आपण तिच्यात घर केलंय, आता ती कुठून आली याच्याशी काय करायचंय?

"खाली-बिली काही नाही," तो म्हणाला. "कात्री आहे ती. कुणीतरी कापलं आणि आपण त्याला आर्ट म्हणत बसलो."

"पण मुसफ्फाचं गाणं? ती जागा तर तू स्वतः ठेवलीस."

"मी ठेवली नाही. तिथे मला बोलायची भीती वाटली. इट्स द सेम थिंग." मग म्हणाला, "स्पर्धेत मी ती भरणार आहे."

आणि त्याने मला ती ओळ म्हणून दाखवली. ती मी इथे लिहीत नाही. तिच्यात कंपनीचं नाव होतं, आजी होती आणि एक शिवी होती. ओळ चांगली होती, हीच तर पंचाईत होती. आम्ही लिहिलेल्या सगळ्यांत ती चांगली होती.

"वेड लागलंय का?" मी म्हटलं. "रेडिओवर जाणार आहे ते. कंपनीतलं कुणी ऐकलं तर काकांची नोकरी खलास. नोकरी गेली की व्हिसा गेला, सगळेच गेलात तुम्ही. कॉलेज कसलं नि काय!"

"मग काय, आयुष्यभर काकूंच्या टाळ्यांवर नाचायचं?"

माझं मनातलं उत्तर हो असं होतं. मला त्या टाळ्या हव्या होत्या. त्याला खरं बोलायचं होतं. इतकी वर्षं आम्ही एकच गाणं म्हणतोय असं मला वाटत होतं, आणि आम्ही दोन वेगळी गाणी म्हणत होतो. त्या अमेरिकन दोघांच्याही तिसऱ्या कॅसेटमध्ये हेच ऐकू यायचं: ताल एक, पण एक जण एकीकडे बघून बोलतोय आणि दुसरा भलतीकडे. ऐकताना मला ते फार आवडलं होतं. स्वतःच्या बाबतीत अजिबात आवडलं नाही.

स्पर्धा शुक्रवारी होती. काकांनी भाड्याने मोठी गाडी घेतली होती आणि दोन्ही घरं तिच्यात कोंबून ते स्वतः चालवत दुबईला निघाले. वाटेत पोहे, थर्मासमधला चहा, काकांचं शिट्टी वाजवणं. तो मागच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसला होता. मी त्याला दोनदा कोपराने ढोसलं. त्याने वळून पाहिलंच नाही.

सभागृहात मंडळाच्या काकू आधीच जागा धरून बसल्या होत्या. परीक्षकांत रेडिओवरचा एक माणूस होता, अमेरिकेत शिकून आलेला; तो म्हणे या संगीतातला दर्दी. आमचा नंबर आला. पहिलं कडवं माझं होतं आणि ते छान गेलं. टाळ्या जिथल्या तिथे पडत होत्या. मग त्याचं कडवं. पाचला बस. डब्यात कालची भाजी. त्याचा आवाज त्या दिवशी असा लागला होता की रेडिओवाला माणूस पुढे सरकून बसला. पांढरा शर्ट लाल. मॅनेजर विचारतो, क्या हाल? बाबा म्हणतात...

मी त्याच्याकडे पाहत होते, म्हणून मला दिसलं. त्याने तोंड उघडलं. श्वासही घेतला. आणि त्याची नजर समोर गेली. काका उठून उभे राहिले होते. दोन्ही हात डोक्याच्या वर, टाळीच्या तयारीत, आणि आजूबाजूच्यांना मानेनेच खुणावत होते, आता, आता, ही माझी जागा. चेहऱ्यावर तोच आनंद.

काकांनी टाळी वाजवली. सगळ्यांनी वाजवली. त्याने तोंड मिटलं.

जागा संपली. ताल पुढे गेला. संध्याकाळी घरी येतात, ही ओळ आता त्याने म्हणायची होती, आणि तो गप्प उभा होता. ती ओळ तशीच निघून गेली. मी थांबले. त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान किंचित हलवली, नाही म्हणून.  आणि मग माझ्या लक्षात आलं की मी म्हणतेय. त्याचं उरलेलं कडवं, मग माझं, मग शेवटचं दोघांचं. मला ते सगळं पाठ होतं, इतकी वर्षं जिन्यात दुसरं केलं काय होतं? आवाज थरथरला नाही. तो शेवटपर्यंत माझ्या शेजारी उभा होता, माइक खाली धरून.

पहिला नंबर दुसऱ्याच कुणाचा आला. सर्वोत्तम आवाजाचं बक्षीस मला मिळालं. स्टुडिओत एक गाणं रेकॉर्ड करून मिळणार होतं. रेडिओवाल्या माणसाने माझा हात हातात घेऊन सांगितलं, "युअर पार्टनर फ्रोझ. यू सेव्ह्ड इट."

 परतताना गाडीत काकांनी आरशातून मागे बघत विचारलं, "विसरलास होय रे?"

"हो, बाबा," तो म्हणाला. "विसरलो."

"असू दे. होतं असं. हिने सांभाळलं ना शेवटी." आणि मला म्हणाले, "शाब्बास गं पोरी."

मला ओरडून सांगावंसं वाटलं की हा काहीही विसरलेला नाही. विसरला असता तर किती सोपं होतं. तो गप्प राहिला तो तुमच्या नोकरीसाठीही नसेल. तुमचे ते वर केलेले दोन हात बघून राहिला. पण हे सांगायचं तर ती ओळ सांगावी लागली असती. मी "थँक यू, काका" म्हणाले. तो पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागला, आणि मला त्याचा इतका राग आला आणि त्याच्यावर इतकी माया दाटून आली की दोन्ही एकाच वेळी कुठे ठेवायचं ते कळेना.

इथल्या कॉलेजचा विषय पुन्हा निघाला नाही. परीक्षा झाली, निकाल लागला, पुण्याची अॅडमिशन झाली. तो जायच्या आधी मी सहाव्या मजल्यावर जाऊन त्याला म्हटलं, रेकॉर्डिंगला चल, निदान तुझं कडवं तरी तू म्हण. तो कपाटातले शर्ट बॅगेत भरत होता. म्हणाला, "आता ते तुझं आहे. यल्ला, जा ना." चिडून नाही म्हणाला. चिडला असता तर मी भांडले असते, भांडून त्याला ओढत नेलं असतं.

तो गेल्यावर एका दुपारी मी दुबईच्या त्या स्टुडिओत गेले. बाबा बाहेर सोफ्यावर बसले. आत मी एकटी, कानाला हेडफोन, समोर काच. मला वाटलं होतं माझी बोबडी वळेल, आणि खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट बघत होते. म्हणजे मग बाहेर येऊन पुण्याला फोन लावता आला असता, की बघ, तुझ्याशिवाय नाही जमत, ये.

मी माझं कडवं म्हटलं, त्याचं म्हटलं, दोघांचं म्हटलं. एकदाच. काचेपलीकडच्या माणसाने अंगठा वर केला आणि म्हणाला, पर्फेक्ट, पुन्हा घ्यायची गरज नाही. मी त्याला हात जोडून म्हटलं, पुन्हा घ्या ना. तो हसला आणि त्याने टेप बंद केली.